एक दात मागे

साहेब, तुम्ही माझ्या बॉनेटवर हात ठेवलात, तोही पुरता नाही. नुसती चार बोटं. दुसऱ्या हातात तुमचा चहा होता. मी थरथरत होतो, त्यामुळे चहा हिंदकळला आणि एक थेंब तुमच्या पांढऱ्या बाहीवर पडला. तेवढ्यावर तुम्ही कप खाली ठेवलात, खिशातून खडू काढलात आणि माझ्या कपाळावर लिहिलंत, ‘निकामी’. बॉनेट उघडलं नाहीत. धूर मोजायचं यंत्र दोन पावलांवर होतं, त्याची नळी खुंटीवरून काढलीसुद्धा नाहीत. “म्हातारं झालंय. पंधरा दिवसांत इंजिन बदला, नाहीतर गाडी मोडीत काढू,” एवढं बोललात आणि पुढच्या गाडीकडे वळलात.

हे इंजिन का थरथरतंय, एवढा साधा प्रश्न तुम्हाला पडला नाही. रस्त्यानं जाणाऱ्या शाळकरी मुलीला तो पडला होता. ती थांबून म्हणाली, “याला थंडी वाजतेय का?” तुमच्यापेक्षा ती हुशार. निदान कारण तरी शोधत होती.

मित्रांनो, मी एक जुने चार सिलेंडरचे पेट्रोल इंजिन आहे. माझं वय बत्तीस. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतून माझं अंग तयार झालं. मग मला घासलं, भोकं पाडली, झडपा बसवल्या आणि डोक्यावर दोन कॅमशाफ्ट चढवले. कॅमशाफ्ट म्हणजे अंड्यासारखे उंचवटे असलेला लांब दांडा. तो फिरला की उंचवटे झडपांना दाबतात आणि झडपा उघडतात. माझा एक दांडा आत घेणाऱ्या झडपा सांभाळतो, दुसरा बाहेर सोडणाऱ्या. हवा-पेट्रोल आत यायचं, जळायचं, धूर बाहेर जायचा, आणि हे सगळं ठरल्या क्षणी व्हायचं. तो क्षण चुकू नये म्हणून दोन्ही दांड्यांच्या टोकाला दातेरी चाकं असतात आणि एक साखळी त्यांना खालच्या मोठ्या दांड्याशी बांधून ठेवते. चाकावर कारखान्यानं एक बारीक ठिपका कोरलेला असतो. तो ठिपका डोक्यावरच्या रेघेसमोर आला की वेळ बरोबर.

एवढं लक्षात ठेवा. माझी सगळी कहाणी या ठिपक्याची आहे.

मी एका छोट्या गॅरेजच्या मदत-गाडीत बसलो. गावाबाहेर डोंगराची लांब चढण आहे. तिथे कोणाची गाडी तापली, कोणाची बंद पडली, की आम्ही जायचो. दोरखंड बांधायचा आणि ओढून आणायचं. पावसात, उन्हात, लग्नाला निघालेली वऱ्हाडं, आजारी माणसं, कोबीचे ट्रक, काय काय ओढलंय मी! वळणावर हताश उभी असलेली माणसं माझा आवाज ऐकला की उठून उभी राहायची. त्या आवाजाचं कौतुक मी पुष्कळ ऐकलं. खोटं कशाला सांगू, त्यानं मी फुशारलोही.

गॅरेज एका म्हाताऱ्या मेकॅनिकचं. त्याला दोन मुलगे, पण एक छापखान्यात गेला आणि दुसरा बोटीवर. हाताला तेल लागलेलं दोघांनाही कधी आवडलं नाही. तेल लागलं ते सुनांच्या हाताला. थोरली लग्न होऊन आली तेव्हापासून सासऱ्यांच्या हाताखाली शिकली. बावीस वर्षं. तिचा हात असा बसलेला की नट किती घट्ट झाला ते मनगट सांगायचं. म्हाताऱ्याचे गुडघे गेले तेव्हापासून सगळं काम तीच बघते. तो दारातल्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणे मारतो.

धाकटी आली सहा वर्षांपूर्वी. त्याआधी ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. समोरच्याच्या डोळ्यापुढे भिंग धरायचं आणि विचारायचं, “आता बरं दिसतं की मघाशी बरं दिसत होतं?” ही सवय तिनं गॅरेजमध्येही आणली. हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवायची आणि माझ्याकडे बघून विचारायची, “आता बरं की मघाशी बरं?”

थोरली हसायची. “अगं, ते काय उत्तर देणारेय?”

“देतंय की जाऊबाई. तुम्ही ऐकत नाही.”

“आम्ही बावीस वर्षं बहिरेपणानं काढली म्हणायची!”

असं चालायचं दोघींचं. भांडण नव्हे, पण अगदी गंमतही नव्हे.

आता माझ्या दुखण्याकडे येतो. गेल्या वर्षी कामाची घाई होती आणि माझं ऑइल बदलायचं दोनदा राहून गेलं. मी कोणाला दोष देत नाही. स्वतःच्या घरची गाडी नेहमीच शेवटी धरतात. पण त्यामुळे माझ्या कॅमशाफ्टचे उंचवटे झिजून बोथट झाले. झडपा पुरत्या उघडेनात. चढणीवर दम लागायला लागला. मूळचे कॅमशाफ्ट मिळायचे बंद झालेले. मिळाले ते शर्यतीच्या गाड्यांत घालतात तसले, उंच उंचवट्यांचे, जोरकस. दोन नवे दांडे, त्यांची दोन नवी चाकं आणि एक छापील कागद. कागदावर लिहिलं होतं, ‘गाडी जागेवर उभी असताना इंजिन काहीसे थरथरेल. हा दोष समजू नये.’

थोरलीनं एका दिवसात सगळं बसवलं. मला सुरू केलं. आणि मित्रांनो, मी थरथरलो. काहीसा नव्हे. बाकावरचे पाने घसरून खाली पडले. ॲक्सिलरेटर दाबला की पळत होतो, जोर करत होतो, पण पाय काढला की धापा टाकायचो, मिसिंग मारायचो, म्हणजे मध्येच ठोका चुकवायचो, आणि तिसऱ्या सिग्नलला बंदच पडायचो.

थोरलीनं कागदावर बोट ठेवलं. “लिहिलंय ना? थरथरणार. जोरकस कॅमचा स्वभावच आहे तो.”

म्हातारा खुर्चीतून म्हणाला, “असले कॅम मी जन्मात पाहिले नाहीत. तुम्ही म्हणता तर असेल.”

आणि त्याच आठवड्यात वार्षिक तपासणी आली. साहेब, तिथे तुमची गाठ पडली.

तेव्हा बघा माझी दशा. घरात म्हणत होते, हा दोषच नाही. तुम्ही म्हणालात, याच्यात आता काही उरलंच नाही. एकानं दुखणं नाकारलं, दुसऱ्यानं मला जिवंतपणी पुरलं. दोघांनी मिळून मधला प्रश्न खाऊन टाकला. मला तरी कुठे माहीत होतं कारण? पोट दुखणाऱ्याला पोटात काय झालंय ते दिसतं का? मला फक्त थरथरता येत होतं, तेवढं मी जीव तोडून करत होतो.

तपासणीहून आम्ही परतलो. मदत-गाडी गेली तर गॅरेजचे पायच जाणार. आणि माझं काय होणार ते उघड होतं. मोडीच्या आवारात दाबयंत्र असतं. मी त्याचा आवाज लांबून ऐकला आहे.

थोरलीनं पहिला उपाय केला तो सोपा. स्क्रू फिरवून माझा वेग वाढवून ठेवला. जोरात फिरलो की थरथर झाकली जाते. ताप आलेल्याला पळायला लावलं तर त्याचं अंग कापतंय हे कोणाला दिसणार? पण मी तापलो, पेट्रोल प्यायलो, आणि गिअर टाकताना गाडी दणका द्यायला लागली.

धाकटीनं स्क्रू पूर्वीसारखा केला. “जाऊबाई, हे झाकणं झालं.”

“मग तू उघड की! पंधरा दिवस आहेत. बघू तुझी भिंगं काय दाखवतात.”

तिला टोमणा लागला, पण ती कामाला लागली. एक वही घेतली. तिचा नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग मला सुरू करायचं आणि विचारायचं.

तिनं ठिणगी पाडणारे प्लग काढले. चारांतला तिसरा काळाकुट्ट होता. “सापडलं!” ती ओरडली. थोरली म्हणाली, “नवा टाक.” धाकटीनं नवा टाकला नाही. तिनं तिसऱ्याचा प्लग पहिल्यात घातला आणि पहिल्याचा तिसऱ्यात. दोष प्लगचा असेल तर तो प्लगबरोबर जाईल, असं तिचं म्हणणं. मला सुरू केलं. मी होतो तसाच थरथरलो. थोड्या वेळानं तिसऱ्यात घातलेला चांगला प्लगही काळवंडायला लागला. तिनं वहीत लिहिलं, ‘प्लग बिचारा साक्षीदार. चोर नाही.’

मग हवा. कुठून चोरटी हवा आत शिरत असेल तर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन कापतं. तिनं मला चालू ठेवून सांध्यासांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारला. एका रबरी नळीपाशी फवारा गेला आणि माझा आवाज बदलला. मलाच नवल वाटलं. नळीला केसाएवढी चीर होती! नळी बदलली. थरथर खरंच कमी झाली, तिसऱ्या प्लगचं काळवंडणंही थांबलं. धाकटीनं फडकं हवेत उडवलं, म्हाताऱ्यानं खुर्चीच्या हातावर थाप मारली. पण गाडी सिग्नलला नेली तर मी पुन्हा बंद पडलो.

थोरली म्हणाली, “थोडं कमी झालं ना? उरलं ते कॅमचं. सोड आता.”

“किती कॅमचं आणि किती दुखण्याचं, हे कोण सांगणार?”

“अगं, कागदावर लिहिलंय!”

“कागद कारखान्यात बसून लिहिलाय जाऊबाई. त्यानं आपलं इंजिन पाहिलंय का?”

नऊ दिवस झाले होते. त्या दिवशी तिनं माझा दाब मोजला. प्लगच्या भोकात मीटर लावायचा, मला स्टार्टरवर फिरवायचं आणि सिलेंडर किती दाबतो ते बघायचं. पहिला कमी. दुसरा कमी. तिसरा तेवढाच कमी, चौथाही. तिनं झडपांच्या फटी मोजल्या. सगळ्या बरोबर. ती वही घेऊन पायरीवर बसली आणि पेन चावत राहिली.

मित्रांनो, त्या क्षणी मी तिच्याकडे बघत होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःबद्दल कुतूहल वाटलं. मला नेमकं काय झालंय? चौघांचा दाब एकाच वेळी, एकाच मापानं कसा उतरतो?

ती स्वतःशीच बोलली, “घरातल्या एकाला ताप आला तर त्याचं दुखणं त्याचं. चौघांना एकदमच आला, तर चौघांनी एकाच भांड्यातलं काहीतरी खाल्लंय.”

चौघांत सामाईक काय? झडपा उघडण्याची वेळ. साखळी आणि तिची चाकं.

ती उठली. “जाऊबाई, टायमिंग बघूया का एकदा?”

थोरलीचा हात थांबला. “टायमिंग मी लावलंय.”

“हो, पण...”

“मामंजींच्या खुणेवर लावलंय. बावीस वर्षं त्या खुणेवर हे इंजिन चाललं. तू येऊन सहा वर्षं झाली. आता मामंजींनाही चष्मा लावणार का तू?”

धाकटीनं वही मिटली. पुढचे दोन दिवस गॅरेजमध्ये दोघी एकमेकींशी म्हाताऱ्यामार्फत बोलत होत्या. “मामंजी, सांगा त्यांना, बारा नंबरचा पाना माझ्याकडे आहे.” “मामंजी, सांगा तिला, मला नकोय.” म्हातारा वैतागून म्हणाला, “मी काय टेलिफोन एक्स्चेंज आहे?”

खूण कुठली, ते सांगतो. आत घेणाऱ्या झडपांच्या दांड्याच्या जुन्या चाकावर, कारखान्याच्या ठिपक्यापासून एक दात बाजूला, म्हाताऱ्यानं रंगानं एक पांढरा पट्टा ओढला होता. ठिपका नव्हे, तो पट्टा रेघेसमोर आणायचा, असं थोरली पहिल्याच वर्षी शिकली. म्हणून नवी चाकं आली तेव्हा तिनं काय केलं? जुनं चाक समोर ठेवलं, ठिपक्यापासून एक दात मोजला आणि नव्या कोऱ्या चाकावर तसाच पांढरा पट्टा काढला. किती काळजीनं काढला होता! ब्रश दोन केसांचा होता, श्वास रोखलेला होता. निष्काळजी माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती. त्यानं डोळे झाकून ठिपका जुळवला असता आणि मी ठणठणीत राहिलो असतो.

बाराव्या दिवशी थोरली सामान आणायला गेली होती. धाकटीनं म्हाताऱ्यापाशी स्टूल ओढलं.

“मामंजी, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“रागावणार. विचार.”

“चाकावरची पांढरी खूण तुम्ही का काढली होती?”

म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. मग हसायला लागला. “बावीस वर्षांत हे कोणी विचारलं नाही बघ! अगं, चढणीवर याच्या मूळच्या चाकाचा दात तुटला. नवं चाक मिळेना. एका मोडीतल्या गाडीचं बसवलं. दात तेवढेच, पण दांड्यावर बसवायच्या खिळ्याची जागा जरा वेगळी. त्याचा ठिपका आपल्या इंजिनाला खोटा पडायचा, एक दात पुढे जायचा. म्हणून मी माझी खूण काढली.”

“म्हणजे ती खूण त्या एका चाकापुरती?”

“मग काय! चाक गेलं, खूण गेली. ती काय घराण्याची निशाणी आहे?”

“जाऊबाईंनी ती नव्या चाकावर काढलीये.”

म्हाताऱ्याचं हसू गेलं. तो काही बोलणार, तेवढ्यात त्याची नजर धाकटीच्या मागे गेली. थोरली दारात उभी होती. हातात ऑइलचा डबा. किती वेळ उभी होती, कोणास ठाऊक.

“मामंजी, मला कधी सांगितलं नाहीत?” तिचा आवाज बारीक झाला होता.

“तू कधी विचारलं नाहीस. मी म्हणालो, इथे लाव, तू लावलंस. मला बरं वाटायचं. न विचारता ऐकणारं माणूस कोणाला नको असतं?” म्हाताऱ्यानं मान खाली घातली. “चूक माझीही आहे, पोरी. हाताला कळलेलं तुला दिलं, डोक्यातलं माझ्यापाशीच ठेवलं.”

धाकटी उठली. “जाऊबाई, मी...”

“पाना दे,” थोरली म्हणाली. “बारा नंबरचा. तुझ्याकडेच आहे तो.”

तिनं माझं झाकण स्वतः उघडलं. साखळीचा ताण सैल केला, आत घेणाऱ्या झडपांच्या दांड्याचं चाक सोडवलं आणि एक दात पुढे आणून ठिपका रेघेसमोर धरला. धाकटी टॉर्च धरून उभी होती. चाक बसल्यावर थोरलीनं फडक्याला थिनर लावलं आणि तो पांढरा पट्टा पुसला. एका फटक्यात निघाला नाही. ती पुसत राहिली.

मग तिनं किल्ली फिरवली.

मित्रांनो, खोटं सांगणार नाही. मी अजूनही थोडा डुलतो. जोरकस कॅमचा स्वभाव तेवढा आहेच, कागद अगदी खोटा नव्हता. पण डुलणं वेगळं आणि धापा टाकणं वेगळं. चारही सिलेंडर एका तालात आले. बाकावरचे पाने जागच्या जागी राहिले. थोरली ऐकत उभी राहिली. मग डोळे न उचलता तिनं धाकटीला विचारलं, “आता बरं की मघाशी बरं?”

धाकटी म्हणाली, “तुम्हीच सांगा जाऊबाई. आता तुम्हाला ऐकू येतंय.”

“फार बोलतेस,” थोरली म्हणाली, आणि दोघी हसल्या.

चौदाव्या दिवशी दोघी मला तपासणीला घेऊन आल्या. साहेब, तुम्ही तेच, बाही धुतलेली. या वेळी धाकटीनं नळी स्वतः खुंटीवरून काढून तुमच्या हातात दिली, म्हणून मोजणं झालं. आकडा योग्य आला. तुम्ही ओल्या फडक्यानं ‘निकामी’ पुसलंत आणि शिक्का मारलात. कितीसा वेळ लागला? मला मोडीत घालायला लागला तेवढाच.

धाकटीनं विचारलं, “साहेब, याला काय झालं होतं ते विचारणार नाही?”

“पास झाली ना बाई? मग निघा. मागे रांग आहे.”

तेव्हा थोरली पुढे झाली. कचेरीतल्या माणसांपुढे ही बाई कधी मान वर करत नाही. त्या दिवशी केली. सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “चूक माझी होती साहेब. टायमिंग मी एक दात मागे लावलं होतं. इंजिन चांगलंच होतं. लिहून घ्या. दुसऱ्या कोणाचं असंच झालं असेल तर उपयोगी पडेल.”

तुम्ही फॉर्म उलटापालटा केलात आणि म्हणालात, “असं लिहायला रकाना नाही.”

मित्रांनो, तुम्ही माझं ऐकता म्हणून तुम्हाला सांगतो. इंजिनाचं ऑइल वेळेवर बदला, हे तर आहेच. पण कोणी थरथरत असेल तर ‘त्याचा स्वभावच आहे’ म्हणू नका आणि ‘तो संपला’ही म्हणू नका. का, ते विचारा. एकदा विचारून भागलं नाही तर पुन्हा विचारा. जो तुम्हाला न विचारता ऐकायला लावतो, त्याला तर आधी विचारा, मग तो घरातला कितीही मोठा असो.

आणि साहेब, तुमच्याशी माझं अजून संपलेलं नाही. बाहेर पडताना थोरलीनं गाडी तुमच्या मागच्या आवारातून वळवली. तिथे भिंतीला लागून इंजिनं ठेवली आहेत, दाबयंत्राची वाट बघत. मी मोजली. सतरा. प्रत्येकाच्या कपाळावर तुमचंच अक्षर, तोच खडू. एकाही झाकणाचा नट सोडवल्याची खूण नाही. बोल्टांवरची धूळसुद्धा हललेली नाही.

मला एक दात मागे लावलं होतं. या सतरा जणांना काय झालं होतं, साहेब? रकाना नसेल तर कागदाच्या पाठीवर लिहा. पण उत्तर द्या.